आठच्या आधीचे ठिपके

डोमाजी भेंडारकरांचा घडीचा कॅमेरा माझ्याकडे आला
तेव्हा त्यात एक फिल्म अडकलेली होती
आणि झाकणाच्या आत खिळ्यानं कोरलेलं होतं:
घाई करजो नोको.

नागभीडपासून सात किलोमीटर, मे, दुपारचे दोन.
धानाच्या कोठीमागे बसून
मांडीवर दुहेरी गोधडी, गोधडीत कोपरापर्यंत हात,
मी ती फिल्म आंधळेपणानं सोडवली.
रीळ फुगलेली, कागद कडेला दुमडलेला.
घामाची बोटं लागली असणारच.
चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवली आहे,
अजून धुवायला पाठवली नाही.

नवा रोल सावलीत भरावा.
डावीकडची रिकामी रीळ काढून उजवीकडे लावावी,
पुढच्या रोलला तीच धरते.
हे मला उशिरा कळलं,
तोवर मी रिकाम्या रिळा शेजारच्या पोरांना देऊन बसले होते
आणि त्यांच्या काडीपेटीच्या गाडीला
चारही चाकं आगफाची होती.
एक चाक दोन बोरकुटांच्या पुड्या देऊन परत आणलं.

कागदाची जीभ फटीत सरळ खुपसावी.
तिरकी गेली तर बाराव्या फोटोपर्यंत
ती तिरकीच चालते.
अंगठा रोलवर असू द्यावा,
दूध काढताना गाईला डोकं टेकतो तेवढाच.
ढील पडली की कडेनं ऊन शिरतं.
मागच्या पोळ्यात डावीकडचे पाच बैल
असेच पांढरे होऊन गेले.
ज्यांचे गेले ते मालक अजून विचारतात.

भात्याचंही एक आहे.
बटण दाबून झटक्यात उघडला
तर तो श्वास आत ओढतो, फिल्म पोट काढते
आणि नेमके मधले चेहरे पुसट येतात.
म्हणून आधी उघडायचं,
मग फिरवायचं.
डोमाजी उलटं करत असावेत.
गावातल्या जुन्या लग्नांत
नवरानवरी पुसट, वऱ्हाडी लख्ख.

मागच्या लाल काचेवर मी काळी पट्टी लावली.
जुनी फिल्म लाल रंगाला आंधळी होती,
ही नाही.
पट्टी उचलायची, पदराच्या सावलीत आकडा बघायचा,
आणि आकडा इतका फिका
जसा पाटीवर पुसून राहिलेला.
त्याच्या आधी ठिपके येतात,
आकडा येतोय एवढंच सांगायला.

सातवर शाळा होती. आडे गुरुजींचा निरोप,
चौथीची रांग, हारातला झेंडू.
मग मी तलावाच्या पाळीवर गेले,
सुखरू भानारकर खांद्यावर जाळं टाकून उभा,
म्हणाला, लवकर कर, मासोळी वाळते,
आणि मी ठिपक्यालाच आठ समजले.

नागपूरहून फोटो आले.
दोन फोटोंच्या मधली भिंत नव्हती.
रांगेतली शेवटची दोन पोरं
बोटभर पट्टीत सुखरूच्या जाळ्यात उभी,
कंबरेपर्यंत पाण्यात, भांग पाडून,
एकाच्या गळ्यात गाठ.

मी माफी मागायला गेले.
सुखरूनं फोटो उन्हात धरला, जवळ आणला, लांब नेला.
पोट्टे कोनाचे?
मी नावं सांगितली.
बरं, म्हणाला, पैसे एकाचेच घेजो,
पोट्टे म्या पकडले.

आता तो फोटो मासोळीच्या काट्याशेजारी टांगलाय,
कोपऱ्यावर खवले.
त्या पोरांच्या आया बाजाराच्या दिवशी येतात,
मासोळी घेतात, थोडं बघतात, जातात.
गुरुजींना साफ प्रत हवी आहे.
ती नाही. गुरुजी गोंदियाला गेले,
रांग आता पाचवीत.

आज नवा रोल भरला.
सात झाला.
पट्टी उचलली, पदर धरला,
ठिपका आला,
दुसरा आला,
किल्लीवर अंगठा तसाच.